हड्डीवाल्या मॅडम

इंदूरच्या मल्हारगंजात डॉक्टर वसुधा आगाशे कुठे बसतात असं विचारलं, तर लोक जरा विचारात पडत. ‘हड्डीवाली मॅडम’ म्हटलं की मात्र माणूस गल्ल्यावरून उठून जिना दाखवायला बाहेर यायचा. खाली जरीच्या गोटा-किनारीचं दुकान, वर दवाखाना. या नावाने एकदा घोटाळाही झाला. एक मुलगा मनगट मोडलेल्या आईला धरून धरून जिना चढवत घेऊन आला. मॅडमनी पुठ्ठ्याची पट्टी करून हात बांधून दिला, हाडांच्या दवाखान्याचा रस्ता समजावला, आणि माताजी कण्हताना तोंड उघडतायतच तर आत एक नजरही टाकली.

“हाथ ठीक हो जाए तो इनको वापस लाना,” त्या मुलाला म्हणाल्या. “इधर की हड्डी भी देखनी है.”

हात बरा झाल्यावर माताजी खरंच परत आल्या, आणि पुढे कायमच्या पेशंट झाल्या.

मॅडम दातांच्याच डॉक्टर होत्या, पण दाताकडे त्यांचं लक्ष नंतर जायचं. दात ज्यात बसलेले असतात ते जबड्याचं हाड आणि त्यावरची हिरडी, हा त्यांचा विषय. मी शिक्षण संपवून त्यांच्याकडे लागले त्या पहिल्या सकाळी त्यांनी एक एक्स-रे माझ्या हातात दिला आणि काय दिसतं ते विचारलं. मी कीड दाखवली, जुनं भरलेलं सिमेंट दाखवलं, एका मुळाशी सूज आहे का अशी शंकाही काढली.

“दात सगळेच बघतात,” त्या म्हणाल्या. “दोन दातांच्या मधे बघ. हाड कुठपर्यंत आलंय?”

चांगल्या तोंडात ते हाड दाताच्या मानेच्या जरासंच खाली असतं. या माणसाचं हाड मुळांच्या मध्यावर येऊन थांबलं होतं.

“हा तक्रार काय घेऊन आलाय, माहितीये? थंड पाणी लागतं. बस. बाकी सब बढ़िया म्हणतो.” त्यांनी एक्स-रे परत घेतला. “हाड दुखत नाही ना, मीनल. गेलं तरी दुखत नाही. म्हणून आपल्याला बघावं लागतं.”

नंतर कळलं, ‘आधी हाड’ हे त्यांचं पालुपदच होतं. कुणी म्हणायचं दात पांढरे करून द्या, कुणी वाकडे दात सरळ करायला यायचं, कुणाला महिन्याभरात मुलीच्या लग्नात हसायचं असायचं. मॅडम सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “करू ना. आधी हाड.”

अंगाने उंच, सडपातळ. सुती साडी, वर एप्रन, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. आजोबा होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे घरात कुणी वाकून बसलेलं चालत नसे असं त्या सांगायच्या, आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर त्या बसल्या की ते खरं वाटायचं. यजमान बँकेत होते, ते लवकर गेले. मुलगा निखिल विजय नगरच्या एका कंपनीत. त्या स्वतः राजेंद्र नगरहून रोज स्कूटरने यायच्या आणि वाटेत कुणी चुकीच्या बाजूने घुसला तर त्याला इंदुरी ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणून एवढ्या गोड आवाजात झापायच्या की तो माफी मागून जायचा.

समजावून सांगायची त्यांची पद्धत अशी की पेशंटचंच बोट त्याच्या हिरडीवर ठेवायचं आणि दात टकटक आपटायला लावायचे. हाड कमी झालेलं असलं की बोटाखाली दात थरथरतो. “आता कळलं? हे मी नाही सांगत, तुमचं बोट सांगतंय.” लोकांना वाटतं दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. त्या सांगायच्या, तसं नाही, खाट कशी सुतळीने विणलेली असते, तसा दात बारीक बारीक धाग्यांनी हाडाला बांधलेला असतो, म्हणून तर कडक शेव चावली तरी डोक्याला दणका बसत नाही. दात आहे तोवर हाडाला काम असतं. दात काढून टाकला की हाड झिजायला लागतं, काही महिन्यांत तिथे नुसती अरुंद कड उरते. त्यामुळे उगाच दात काढलेला त्यांना खपायचा नाही. दुसरीकडून कुणी दात काढून आलं की त्या विचारायच्या, “कुणी काढला?” आणि नाव ऐकून सरळ एक्स-रे काढायला सांगायच्या.

दवाखान्याबाहेरही त्यांची नजर लोकांच्या तोंडातच असायची. राजेंद्र नगरमधल्या एका लग्नात मी त्यांच्या शेजारी जेवायला बसले होते. समोर नवऱ्या मुलाचे काका, हसतमुख माणूस, आग्रह करकरून वाढायला लावत होते. मॅडम श्रीखंड खाता खाता त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग सरळ म्हणाल्या, “तुमच्या पुढच्या दातांत ही फट पहिल्यापासून आहे का हो?”

काकांनी ओठ मिटले.

“लहानपणापासून असेल,” ते म्हणाले.

“तुमच्या लग्नाचा फोटो बघा आज घरी गेल्यावर. बघालच.”

परतताना मी म्हटलं, मॅडम, अहो असं भर पंक्तीत. त्या म्हणाल्या, “फट नंतर पडली असेल तर त्या माणसाचं हाड जातंय. दात पंख्यासारखे पसरतात मग. मी काय त्याच्या श्रीखंडाकडे बघत बसू?”

काही दिवसांनी काका आले. रागातच होते. हातात लग्नाचा फोटो होता. त्यात त्यांचे दात अगदी एकमेकांना चिकटून होते. मॅडमनी तपासलं, एक्स-रे काढला, आणि हिरडीला हात लावायच्या आधी त्यांना रक्त तपासायला पाठवलं. साखर इतकी वाढलेली होती की पॅथॉलॉजीवाल्यांनी रिपोर्ट नेण्याची वाट न पाहता घरी फोन केला. काकांना काही कल्पनाच नव्हती. तहान फार लागते, एवढंच ते म्हणायचे, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात ती कुणाला लागत नाही. साखर ताब्यात आल्यावर मॅडमनी त्यांच्या हिरड्यांवर काम केलं. फट राहिली, पण दात राहिले. काका पुढे आपल्या ओळखीच्या प्रत्येकाला त्या पंक्तीची गोष्ट सांगायचे. फक्त त्यांच्या सांगण्यात मॅडमनी ती गोष्ट त्यांना बाजूला नेऊन कानात सांगितली होती.

पण मॅडम म्हटलं की मला आधी आठवतात ते बाबूलालजी. जवळच्याच एका बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. साठीला आलेले, केस काळे केलेले, गणवेशाची घडी कधी न मोडलेली. वरचे पुढचे दोन दात हलत होते. क्लॅरिनेटचं तोंड ओठांत धरतात तेव्हा वरचे दात त्यावर टेकतात, सगळा भार त्यांच्यावर. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की हे दोन आणि शेजारचे दोन, चारही काढा, नकली बसवून देतो.

“नकली दाँत पे सुर नहीं टिकेगा मॅडमजी,” ते म्हणाले. “हमारे उस्तादजी ने लगवाए थे. फिर झांज बजाते रहे.”

मॅडम म्हणाल्या, उद्या बाजा घेऊन या. ते आले तेव्हा बाहेर चार-पाच पेशंट बसलेले. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, आपल्या डाव्या हाताचं बोट त्यांच्या वरच्या हिरडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “बजाओ.”

बाबूलालजींना काय वाजवावं कळेना. मग त्यांनी वरातीत नवरदेव दारात पोचल्यावर वाजवतात ती धून धरली. मॅडमनी डोळे मिटले होते. मला वाटलं ऐकतायत. त्या मधेच म्हणाल्या, “ऊपर का सुर लगाओ. और ऊपर. अब धीरे.” बोटाखाली कोणता दात कधी आणि कुठल्या बाजूला ढकलला जातोय ते त्या शोधत होत्या. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले होते. वाजवणं थांबलं तेव्हा एकाने टाळी वाजवली आणि मॅडमनी डोळे उघडून त्याच्याकडे असं बघितलं की तो परत जागेवर जाऊन बसला.

“डावा जास्त हलतो,” त्या मला म्हणाल्या. “पण बघ, आतल्या बाजूने हाडाची भिंत उभी आहे. मधे खड्डा आहे. खड्ड्याला भिंती असल्या तर भरता येतो.” आणि बाबूलालजींना म्हणाल्या, “दाँत नहीं निकालेंगे. कोशिश करेंगे. पर पूरा सीजन फूँकना बंद.”

बाबूलालजींचा चेहरा उतरला. लग्नसराई तोंडावर होती, आणि त्या बँडमध्ये क्लॅरिनेट त्यांच्याच नावावर चालायचं. मॅडम त्याच संध्याकाळी बँडच्या मालकाकडे गेल्या, मला बरोबर घेऊन. मालकाने चहा मागवला. मॅडमनी त्याला सांगितलं की या माणसाला या सीजनला फुंकायचं दुसरं काही द्यायचं नाही, पण घरीही बसवायचं नाही. मालक म्हणाला, फिर क्या बजवाऊँ इनसे.

“कुछ भी, जो हाथ से बजे.”

त्या वर्षी बाबूलालजी वरातीत खुळखुळे वाजवत चालले. मी एकदा त्यांना बघितलं. गणवेश तोच, चेहरा मात्र फोटोत जबरदस्तीने उभं केल्यासारखा.

मॅडमनी हिरडी उघडून मुळं साफ केली, खड्ड्यात हाडाची पावडर भरली, टाके घातले, आणि मागच्या बाजूने बारीक तार लावून चारही दात एकमेकांना बांधून ठेवले. नंतरची साफसफाई त्यांनी बाबूलालजींच्या हातून करून घेतली. दर आठवड्याला त्यांना आरशासमोर उभं करायच्या, आणि ब्रश असा तिरपा, हिरडीच्या काठावर, हळूहळू, असं एखाद्या शागिर्दाला बोटं ठेवायला शिकवावं तसं शिकवायच्या. बाबूलालजी म्हणायचे, बाजा शिकताना एवढी बोलणी खाल्ली नव्हती.

सीजन संपल्यावर एक्स-रे काढला. उजवीकडे खड्डा चांगला भरला होता. डावीकडे अर्धाच. मॅडमनी जुना एक्स-रे शेजारी धरून ताडून बघितला. मग म्हणाल्या, “चलेगा. रोज थोड़ा थोड़ा शुरू करो. पहले नीचे के सुर.”

पुढच्या सीजनला एका दुपारी आमच्या खालून वरात गेली. मॅडमनी हातातलं काम थांबवलं, पेशंटला एक मिनिट म्हणून खिडकीत गेल्या. खाली बाबूलालजी गाल फुगवून वाजवत होते आणि त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, छान वाजवतात. मॅडम म्हणाल्या, “बाजा जरा खाली धरलाय त्याने. भार कमी येतो. हुशार आहे.” आणि परत येऊन स्टुलावर बसल्या.

सगळ्यांचं असं झालं नाही. गुटखा न सोडणारे एक साहेब होते, गोड बोलायचे, दर वेळी शपथ घ्यायचे. त्यांच्या हिरड्यांतून रक्तसुद्धा यायचं नाही, तंबाखूने ते दबून जातं, त्यामुळे आपलं काही बिघडलंय हे त्यांना पटायचं नाही. त्यांचे दात एकामागोमाग एक गेले. शेवटचा मॅडमनीच काढला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी डबा पुढे केला तर म्हणाल्या, “तू खा. मी विचार करतेय की त्याला कुठल्या भाषेत सांगायला हवं होतं.”

त्यांना स्वतःला छातीचा कॅन्सर होऊन गेला होता, मी त्यांच्याकडे लागायच्या आधी. त्याबद्दल त्या इतकं कमी बोलायच्या की मला तो एखाद्या मोडलेल्या हातासारखा, झाला आणि बरा झाला असाच वाटायचा. मग एका हिवाळ्यात त्यांची पाठ दुखायला लागली. स्टुलावर बसल्या की त्या उजव्या बाजूला कलायच्या. मी म्हटलं, मॅडम, दाखवून घ्या. एरवी असल्या बोलण्यावर त्यांनी टाळलं असतं, या वेळी टाळलं नाही. तपासण्या झाल्या आणि कळलं की तो आजार मणक्यात उतरलाय.

गोळ्या सुरू झाल्या. त्याबरोबर डॉक्टरांना हाडं मजबूत करणारं एक इंजेक्शन ठरावीक काळाने द्यायचं होतं, म्हणजे मणके खचणार नाहीत. निखिल आणि मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, पुढच्याच आठवड्यात सुरू करू.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “आधी माझं तोंड बघायला हवं.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि डॉक्टरांनाही ते माहीत होतं. या इंजेक्शनाने हाडाची झीज थांबते, पण ते घेतल्यावर दात काढावा लागला तर कधी कधी जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि सडतं. म्हणून शंकेचे दात आधीच काढायचे असतात. मॅडमच्या खालच्या जबड्यात डावीकडे अशी एक दाढ होती. आम्हा सगळ्यांना ती माहीत होती, कारण दवाखान्यात शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना त्या तिचाच एक्स-रे दाखवायच्या. मागच्या मुळाचं हाड कधीचंच गेलं होतं आणि मॅडमनी निव्वळ साफसफाईच्या जोरावर ती टिकवली होती.

“एका दाढेसाठी थांबायचं?” निखिल गाडीत म्हणाला. “आई, मणक्याचं काय?”

“मणक्यासाठीच थांबायचंय. इंजेक्शन एकदा सुरू झालं की मधे अडकायला नको.”

दुसऱ्या दिवशी मी नवा एक्स-रे काढला. मुळाशी काळी सावली आली होती. मी म्हटलं, मॅडम, रूट कॅनाल करून बघू, एवढी वर्षं राहिली आहे, राहील. मला खरंच तसं वाटत होतं की त्यांना बरं वाटावं म्हणून मी बोलत होते, ते आता सांगता येत नाही.

त्यांनी एक्स-रे माझ्यासमोर उजेडात धरला.

“नाव विसर. बाई आहे, साठीच्या पुढची. मणक्यात आजार आहे, इंजेक्शन सुरू व्हायचंय. दाढ ही अशी. काय करशील?”

मी ट्रेवरची हत्यारं सरळ करायला लागले.

“मीनल, मी विचारतेय.”

“काढेन.”

“मग काढ. आणि रडत काढू नकोस, हात हलतो.”

त्या आपल्याच दवाखान्यातल्या खुर्चीत पहिल्यांदा आडव्या झाल्या. भूल दिल्यावर ओठ बधिर झाला तरी सूचना चालू होत्या. ओढू नकोस, फिरव. बाहेरची भिंत पातळ असते, तिला जप. मुळं वेगळी कर, घाई कसली आहे. मी दोन्ही मुळं वेगवेगळी करून काढली आणि भिंत शाबूत राहिली. त्यांनी गॉज चावून धरला, हात पुढे केला, आणि मी दाढेचे दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. मागच्या मुळावर टोकापर्यंत किटणाचा खडा साचलेला होता. त्यांनी ते नखाने खरवडून बघितलं. गॉज काढायची परवानगी मिळाल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, “इथपर्यंत माझा ब्रश पोचतच नव्हता. आणि मी पोरांना सांगत होते बघा, मी कशी टिकवली.” मग हसल्या. तोंड अर्धं बधिर असल्यामुळे ते हसू वाकडं आलं, आणि आम्ही दोघी बराच वेळ हसत राहिलो.

जखम भरायची वाट बघण्यात काही आठवडे गेले. दर तीन-चार दिवसांनी त्या मला तोंड दाखवायच्या आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच जीभ लावून सांगायच्या, “हिरडीची कड आली.” जखम पूर्ण मिटली तेव्हाच त्यांनी इंजेक्शन घेतलं. जबड्याला पुढे काहीही झालं नाही. पाठीला पट्टा बांधून त्या परत दवाखान्यात यायला लागल्या, आधी अर्धा दिवस, मग पुष्कळदा पूर्ण. स्कूटर निखिलने विकून टाकली होती, त्यावरून त्या त्याच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. अशी दोनेक वर्षं त्यांना मिळाली, आणि त्यांनी ती पेशंटच्या तोंडात वाकून घालवली, जेवढं वाकता येईल तेवढं. वाकता येईना तेव्हा मला वाकायला लावून त्या मागून सांगत राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटी शेवटी मी त्यांना बऱ्याच वेळा भेटले, पण त्यातल्या बऱ्याचशा भेटी औषधांच्या आणि झोपेच्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर येतं ते त्याच्या थोडं आधीचं.

पावसाळा संपत आला होता. त्यांना तपासणीला नेऊन आम्ही परत येत होतो. रिपोर्ट चांगले नव्हते. राजेंद्र नगरच्या वळणावर एक भुट्टेवाला शेगडी पेटवून बसला होता. मॅडम मागच्या सीटवरून म्हणाल्या, “निखिल, थांब.”

निखिलने गाडी कडेला घेतली. भुट्टेवाल्याने काच खाली झालेली बघितली, आतल्या वाळलेल्या बाईंकडे बघितलं, आणि समजूतदारपणे म्हणाला, “माताजी, दाने निकाल के दूँ?”

“नहीं भिया,” मॅडम म्हणाल्या. “पूरा दो. कड़क सेंकना.”

त्याने कणीस खरपूस भाजून, लिंबू-मीठ चोळून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि पुढच्या दातांनी सरळ चावा घेतला. दाण्यांची एक आख्खी ओळ निघाली. निखिलने आरशातून बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली. माझी स्कूटर त्याच वळणावर लावलेली होती, म्हणून मी तिथेच उतरले. येते मॅडम, म्हटलं. त्यांनी तोंडात घास असल्यामुळे नुसतीच मान हलवली.

गाडी निघाली. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं, सीटला न टेकलेलं, आणि कोपरं वर उचललेली. पुढच्या वळणापर्यंत त्या कणीस फिरवून फिरवून खातच होत्या.